आडवी बाटली



गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आपल्या धर्मग्रामातले एक बांधव खालापूरच्या बाजूला एका फार्महाऊसवर केअरटेकर आहेत. त्यांच्या पत्नीला बरे नव्हते म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. बोलता बोलता वीज गेली. ते एकदम उठले आणि जनरेटर चालू करायला धावले. आम्हाला वाटले, आजारी माणसाच्या डोक्यावरचा पंखा चालावा म्हणून ही धावपळ असेल. पण जनरेटरची लाईन त्यांच्या खोलीपर्यंत आलेलीच नव्हती. ती बंगल्यापुरती होती, आणि बंगल्यात तेव्हा कोणी राहत नव्हते.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला आत नेऊन दाखवले. दिवाणखान्यात काचेचे एक उंच कपाट होते. आत मंद उजेड, आणि साठसत्तर बाटल्या एकावर एक आडव्या ठेवलेल्या. आकडा दिसत होता १३ अंशांचा. बाहेर आपल्या कर्जत-खालापूरचा मे महिना पेटला होता, चाळिशीच्या वरचा. वीज गेली की मुंबईला साहेबांच्या मोबाईलवर कळते आणि दोन मिनिटांत फोन येतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "फादर, सहा वर्षं झाली, मी यांची राखण करतोय. साहेब वर्षातून दोनदा येतात. पण यातली एकसुद्धा बाटली उघडलेली मी पाहिली नाही. उघडायची नाही तर ठेवायची कशाला?"

आम्ही काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एखादी वस्तू "आपली असणे" म्हणजे काय, यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. इतक्या सरळ शब्दांत तो प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

दोन उत्तरे तयार होती. पहिले असे, की दारू ती दारू, ठेवणारा चूक आणि पिणाराही चूक. दुसरे असे, की पैसा त्यांचा, हौस त्यांची, आपण कोण बोलणार? ही दोन्ही उत्तरे आपल्या लोकांच्या तोंडी नेहमी असतात, म्हणून आधी ती तपासून पाहू.

पहिले उत्तर आपल्या ख्रिस्तसभेला कधीच पटलेले नाही. प्रभूने काना गावच्या लग्नात पहिले चिन्ह केले ते द्राक्षारसाचे. दगडी रांजण सहा होते आणि मोठे होते. आजच्या मापाने हिशेब केला तर सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास जातात. बेनसिराच्या ग्रंथात द्राक्षारसाची स्तुतीही आहे आणि त्याच अध्यायात अति पिणाऱ्याला कडक इशाराही आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्यांचे स्वतःचे मत असे दिसते की संन्याशाने हा पदार्थ टाळलेला बरा. पण आपल्या काळच्या संन्याशांना ते पटवणे अवघड, हेही त्यांनी हसतमुखाने मान्य केले आणि रोजचे एक माप ठरवून दिले. आपल्या वेदीवरच्या द्राक्षारसाबद्दल तर १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत स्पष्ट नियम आहे: तो द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या कडक कायद्यानेही धर्मविधीच्या द्राक्षारसाला वाट ठेवली. म्हणजे वस्तू वाईट नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न मुद्दाम घेतला आणि उत्तर दिले, की द्राक्षारस स्वभावतः निषिद्ध नाही, पण कोण पितो, किती पितो आणि त्याने दुसऱ्याला ठेच लागते का, यावरून तो निषिद्ध होऊ शकतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. रस्त्यावर "वाईन्स" अशी पाटी असलेल्या दुकानात बहुतेक करून वाईन सोडून बाकीचे सगळे विकले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. खरी वाईन आपल्याकडे आली ती शेतातून. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी सुरुवात केली. २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि दिंडोरी, निफाड, विंचूर ही नावे बाटल्यांच्या संदर्भात ऐकू येऊ लागली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटातून वाईन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन ही दारू की नव्हे, यावर गावोगाव वाद झाला. तो निर्णय अमलात आला नाही. वाद मात्र अनेक घरांत राहिला.

पुढे डिसेंबरात त्या बंगल्याचे मालक आले तेव्हा त्यांनी आम्हाला चहाला बोलावले. आम्ही थोडी नाराजी मनात धरूनच गेलो. पण माणूस सौम्य निघाला. एक एक बाटली काढून ते सांगू लागले: ही कुठल्या मळ्याची, त्या वर्षी पाऊस कसा होता, द्राक्ष कोणते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळाची छाटणी. युरोपात ती एकदाच होते. म्हणून तिकडचा द्राक्षतोडा सप्टेंबरच्या सुमारास आणि आपला जानेवारी ते मार्च. हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. बाटली आडवी का ठेवायची, तेही त्यांनीच सांगितले. आडवी ठेवली की आतला रस बुचाला भिडून राहतो. बूच ओले राहिले की फुगलेले राहते आणि हवा आत शिरत नाही. उभी ठेवली की बूच सुकते, आकसते, आणि वाईनचा व्हिनेगर होण्याची वाट मोकळी होते. उष्णता तर तिची वैरीण. आम्ही तासभर ऐकत बसलो आणि, कबूल करतो, आम्हाला मजा आली.

ही मजा वाईट होती का? आम्हाला तसे वाटत नाही. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ च्या आपल्या निबंधात "डॉन किहोते" या कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकारांना एका पिंपातली वाईन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडली. दोघेही खरे ठरले. चव घेणे म्हणजे जे खरोखर समोर आहे त्याकडे लक्ष देणे. काना गावी भोजनप्रमुखाने तेच केले. चमत्काराबद्दल त्याला काही माहीत नव्हते. पण घोट घेतल्यावर हा आधीच्यापेक्षा उत्तम आहे, एवढे त्याने ओळखले. त्याला पारख नसती तर त्या लग्नघरात हे कोणी बोलून दाखवले असते?

आणि मुरवून, राखून ठेवण्याचे शहाणपण आपल्याला काही परके नाही. आपला हा भाताचा मुलूख. कर्जतचे भात संशोधन केंद्र राज्यभर माहीत आहे. नवा तांदूळ गिचका होतो आणि जुना सुटा शिजतो, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून कणगीतला जुना तांदूळ लग्नासाठी, पाहुण्यांसाठी वेगळा राखला जातो. लोणचे मुरू देतो, नाताळची घरची वाईन बरणीत मुरू देतो. यात लोभ कुठे आहे? तेव्हा मालकांच्या कपाटाला केवळ महाग आहे म्हणून नावे ठेवणे न्यायाचे नाही.

मग बिघडते कुठे? एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात वाईनची एकच बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. तिच्या काचेवर १७८७ हे वर्ष आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. अमेरिकेतल्या फोर्ब्स कुटुंबाने ती घेतली आणि लोकांना पाहायला म्हणून दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकले, आकसले आणि आत पडले. पुढे ती बाटली खरोखर जेफरसन यांची होती का, यावरच मोठी शंका उभी राहिली. एवढी किंमत मोजली, पण तिची चव कोणालाही कळली नाही. २०१८ साली न्यूयॉर्कला १९४५ सालची दुसरी एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली. एवढ्या किमतीची बाटली उघडायचा धीर कोणाला होईल? किंमत वाढते तशी ती पिणे कठीण होते, आणि एका टप्प्यावर तो द्राक्षारस राहत नाही, नुसती किंमत राहते.

इथे आम्हाला संत थॉमस यांची दोन वाक्ये आठवली. व्याजाबद्दल लिहिताना ते म्हणतात की काही वस्तू अशा असतात की त्यांचा वापर आणि त्यांचे संपणे एकच. घर वापरले तरी घर राहते. द्राक्षारस आणि धान्य वापरले की संपतात. म्हणून द्राक्षारस एकीकडे आणि त्याचा वापर दुसरीकडे, अशी फोड करता येत नाही. दुसरी गोष्ट ते मालमत्तेबद्दल सांगतात. वस्तू मिळवणे, तिची निगा राखणे, व्यवस्था पाहणे हे माणसाने स्वतःचे म्हणून करावे. त्यात चूक नाही. पण वापराच्या बाबतीत ती वस्तू सर्वांची आहे असे समजून, गरज असणाऱ्याला सहज देता यावी अशा मनाने ती बाळगावी.

ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहा. वाईनचा वापर म्हणजे तिचे पिणे. वापर वाटून घ्यावा. म्हणून जी बाटली कोणाबरोबर तरी उघडायची आहे तीच खऱ्या अर्थाने "ठेवलेली" असते. जिच्यापुढे कोणत्याही पाहुण्याचा चेहरा नाही ती साठलेली असते. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या धनवान शेतकऱ्याचे पीक पाप नव्हते, कोठारही पाप नव्हते. पण त्याचे सगळे बोलणे स्वतःशीच चालले होते. त्याच्या बेतात दुसरे माणूसच नव्हते. काना गावी उत्तम रस शेवटपर्यंत राहिला, पण तो वऱ्हाडाच्या घशाखाली उतरला.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो, कारण यातला दोष आमच्याही घरात आहे. सोळा वर्षांपूर्वी आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी आमच्या मूळ धर्मग्रामातल्या एका काकांनी आम्हाला वाईनची एक बाटली दिली होती. त्यांच्या ऐपतीच्या मानाने ती महागच होती. आम्ही ती उघडली नाही. दहाव्या वर्धापनदिनाला उघडू म्हटले, मग रौप्यमहोत्सवाला. तीन बदल्या झाल्या. दर वेळी ती कपड्यांत गुंडाळून आणली आणि लोखंडी कपाटात उभी करून ठेवली. दोन वर्षांपूर्वी काका भेटायला आले होते. थकले होते. जेवताना त्यांनी हसत विचारले, "ती बाटली आहे का हो अजून?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "आहे तर! रौप्यमहोत्सवाला तुमच्याच हातांनी उघडायची आहे." ते "बरं, बरं" म्हणाले. त्याच पावसाळ्यात ते वारले. अंत्यविधीहून आल्यावर आम्ही दोघाचौघा धर्मगुरूंनी ती उघडली. रंग तपकिरी, वास आंबूस. ओतून द्यावी लागली. त्या रात्री काकांनी काय मागितले होते ते आम्हाला तेव्हा कळले.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, "फादर, वाटून प्या म्हणता, पण आमच्या वाडीत पिण्यानेच घरे बसली आहेत." खरे आहे. आपल्या तालुक्यांत गावठीने उद्ध्वस्त झालेल्या घरांतून आम्ही प्रेते उचलली आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती सगळी कष्टकरी होती. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून दारूचे दुकान बंद करण्याची सोय आहे. पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. म्हणजे बाटली आडवी करण्याचे दोन अर्थ आपल्याकडे आहेत. बंगल्यात ती आडवी ठेवतात कारण ती जपायची आहे. वाडीत ती आडवी करतात कारण घर जपायचे आहे. आणि आपण मात्र बंगल्यातल्याला रसिक म्हणतो, वाडीतल्याला बेवडा. दोघांच्या रक्तात जाणारा पदार्थ एकच आहे, हे विसरतो. बंगल्यातले व्यसन उंची काचेच्या पेल्यात असते म्हणून लवकर दिसत नाही, एवढेच.

तेव्हा वाटून घेणे म्हणजे दिसेल त्याच्या हातात पेला देणे नव्हे. ज्याचा भाऊ पिण्यामुळे अडखळतो त्याने त्याच्यासमोर न पिणे हेच प्रेम, असे संत पौल रोमकरांना सांगतात. आपल्या धर्मग्रामात काही बांधव ए.ए.च्या सभेला जातात. त्यांच्या मानासाठी आपल्या सणाच्या जेवणात कोकम सरबत असते, आणि तसेच राहील. ते पवित्र भाकरच स्वीकारतात. तीत ख्रिस्त पूर्णपणे असतो, काही कमी पडत नाही. त्यांच्याशी वाटून घ्यायचे ते आपले ताट, आपला वेळ, आपली संगत. आणि केअरटेकरच्या खोलीशी वाटून घ्यायची असेल तर जनरेटरची एक वायर.

ही शेवटची गोष्ट आम्ही मालकांना बोललो. केअरटेकरचे नाव पुढे न करता बोललो. पण ते समजले. थोडा वेळ गप्प राहिले. जानेवारीत वायर ओढली गेली. बाटल्या अजून आहेत तिथेच आहेत. त्यांचे काय करायचे ते त्यांनी ठरवायचे आहे, आम्ही त्यांचे न्यायाधीश नाही.

संत बेनेडिक्ट यांच्या नियमात मठाच्या कोठाऱ्यावर एक आख्खा अध्याय आहे. कोठाऱ्याने मठाची साधी भांडीकुंडीसुद्धा वेदीवरच्या पात्रांसारखी जपावी, असे त्यात सांगितले आहे. त्यातले काहीच त्याचे नसते, आणि तरी त्याची निगा मालकापेक्षा जास्त असते. का? कारण घंटा झाली की ते कोणाच्या तरी पुढे ठेवायचे असते. आम्हाला वाटते, उत्तम वस्तू बाळगण्याची ख्रिस्ती रीत हीच आहे. खरेदी करा, पारख शिका, नीट जपा; पण कोठाऱ्यासारखी जपा.

तुमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी वाईनचे कपाट असेल. पण शोकेस पुष्कळांच्या घरी आहे. आम्ही घर आशीर्वादाला येतो तेव्हा पाहतो. वरच्या फळीवर लग्नातला कपांचा सेट असतो, एकही कप न वापरलेला. कोणाची पैठणी घडी न मोडता पेटीत आहे. "पाहुण्यांसाठी ठेवलंय, फादर," असे सांगतात, आणि आम्ही पाहुणे असूनही चहा स्टीलच्या पेल्यात येतो!

या आठवड्यात त्यातली एक वस्तू खाली काढा. कोणासाठी ठेवली होती ते आठवा. ते माणूस अजून असेल तर त्याला बोलवा, आणि त्याच कपात चहा द्या. कप फुटला तर फुटू द्या.